टाकलं म्हणून लिहून दिलं

आबा परदेशी गेले तेव्हा मी पाचवीत होते. ते गेले मस्कतला, पण आमच्या गावाला मस्कत माहीत नव्हतं. गावानं एकच नाव ऐकलं होतं, दुबई. त्यामुळं आठवड्याभरात आमचं घर दुबईवाल्याचं घर झालं, माय दुबईवाली झाली आणि शाळेत मी दुबईवाल्याची पोरगी झाले. घर होतं तसंच होतं. पत्र्याचं, दोन खणांचं, बौद्धवाड्याच्या अगदी शेवटाला, पुढं नुसतं माळरान.

आमचं गाव लोहाऱ्यापासून चालत तासाभरावर. तेव्हा लोहारा तालुक्याचं ठिकाण नव्हतं, सरकारी काम निघालं की उमरगा गाठावं लागे. बहात्तरच्या दुष्काळात माय आणि आबा दोघंही पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला होते. मी तीन वर्षांची होते. मला आठवतं ते फक्त कामावर वाटायची ती सुकडी, तिची गोडसर चव. बाकीचं मायनं सांगितलेलं. पुढं पाऊसपाणी झालं, पण आबांचं मन शेतातल्या मजुरीत परत बसलं नाही. जिल्ह्यात सहकारी कारखान्याची उभारणी चालली होती, तिथं ते बिगारी म्हणून लागले आणि एका वेल्डरच्या हाताखाली राहून वेल्डिंग शिकले. कारखाना उभा राहिला, धुराडं पेटलं, गाळप सुरू झालं आणि उभारणी करणारी माणसं मोकळी झाली. तेव्हा हमरस्त्यावरच्या एका ट्रकवाल्यानं त्यांना हैदराबादच्या एजंटाची ओळख करून दिली.

उमरग्याच्या एसटी स्टँडवर आम्ही त्यांना सोडायला गेलो होतो. धाकटा मायच्या कडेवर होता. आबांनी नवा पांढरा शर्ट घातला होता आणि त्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. मला म्हणाले, "मायला पत्र वाचून दावीत जा. आन ती सांगंल तसंच लिहीत जा. आपल्या मनाचं काय घालू नगं."

पहिलं वर्ष चांगलं गेलं. महिना दीड महिन्यानं निळं हवाई पत्र यायचं, मधूनमधून बँकेचा ड्राफ्ट यायचा. एका पत्रातून फोटो आला. आबा एका लांबलचक पांढऱ्या गाडीला टेकून उभे, मागं वाळू. गाडी कुणाची हे पत्रात लिहिलेलं होतं, कंपनीच्या इंजिनिअरची. पण फोटो भिंतीवर लागला आणि पत्र ट्रंकेत गेलं, त्यामुळं गावानं गाडीच तेवढी पाहिली.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आधी एक पत्र आलं आणि मग पत्रं थांबली.

सुरुवातीला माय म्हणायची, "टपाल हुकलं असंल." मग म्हणायची, "काम लांब लागलं असंल." मग काहीच म्हणेनाशी झाली. मी तीन पत्रं लिहिली, तिनं सांगितली तशी. धाकटा बरा आहे, म्हातारी शेळी विकली, तुम्ही जपून राहा. उत्तर एकाचंही नाही. पोस्टमन सायकलवरून आमच्या वाड्याच्या तोंडापर्यंत यायचा आणि तिथूनच हात हलवून वळायचा. तो हात हलवणं म्हणजे नाही. पुढं पुढं तर माय त्याच्या यायच्या वेळेला मुद्दाम पाण्याला जायची.

एकटं पडणं म्हणजे काय ते मी त्या वर्षी पाहिलं. कुणी आमच्याशी भांडलं नव्हतं. फक्त कुणी येत नव्हतं. ज्यांच्याकडं उसनं पीठ मागावं, त्यांना वाटे ह्यांच्याकडं दुबईचा पैसा आहे आणि ह्या सोंग करतात. रोजगार हमीच्या कामावर माय गेली तर बाया म्हणायच्या, "तुला काय कमी हाय गं? आमच्या पोटावर कशाला आलीस?" मुकादमही हसून म्हणाला, "दुबईवाल्या बाईला टोपलं शोभतं व्हय?" दुसऱ्या दिवसापासून तिनं गावचं काम सोडलं आणि ती दोन गावं पलीकडं, जिथं तिला ओळखणारं कुणी नव्हतं तिथल्या रस्त्याच्या कामावर जायला लागली. जायला दीड तास, यायला दीड तास. मी शाळेतून आले की धाकट्याला घेऊन उंबऱ्यात बसायची आणि माळावरून एकच माणूस चालत येताना दिसला की ती माय आहे का ते बघत राहायची. माळ मोठा होता. माणूस बराच वेळ ठिपक्यासारखा दिसायचा.

मी सातवी पास झाले. गावात पुढं शाळा नव्हती. गुरुजी घरी आले आणि मायला म्हणाले, "पोरीला बसवू नका. उमरग्याला मागासवर्गीय मुलींचं वसतिगृह आहे, राहणं जेवण सगळं फुकट. फक्त उत्पन्नाचा दाखला लागतो, वडिलांच्या नावाचा."

दाखल्यासाठी माय मला घेऊन तलाठ्याकडं गेली. तलाठी आप्पा चांगला माणूस होता. त्यानं फॉर्म उलटापालटा करून पाहिला.

"बाई, ह्यात वडिलाचं उत्पन्न लिहायचं असतंय. तुमचा मालक दुबईला. म्या काय लिहू?"

"काय येतच न्हाय, आप्पा. काय न्हाय म्हणून लिवा."

"असं कसं? उद्या कुणी वर अर्ज टाकला, दुबईवाल्याच्या पोरीला गरिबीचा दाखला दिला म्हणून, तर माझी नोकरी जाती. त्यांच्या कंपनीचा पगाराचा कागद आणा."

"त्यांचा पत्ता तरी खरा ऱ्हायलाय का न्हाय ते मला ठावं न्हाय. कागद कुठनं आणू?"

आप्पानं टोपी काढून डोकं खाजवलं. म्हणाला, "मग उमरग्याला जावा. तहसीलला इचारा. तिथं काय मार्ग निघाला तर निघाला."

उमरग्याच्या तहसील कचेरीत आम्हाला तीन टेबलांवरून फिरवलं आणि चौथ्या टेबलावर एक वयस्क कारकून होते त्यांच्यापुढं बसवलं. बोलण्यात कानडी हेल होता. त्यांनी मायला बाकावर बसायला सांगितलं, हीच मोठी गोष्ट होती. सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग एक छापील कागद पुढं ठेवला.

"हे निराधारांचं अनुदान आहे. नवीनच निघालंय. ह्याचा हुकूम झाला की मुलीला वेगळा दाखला लागत नाही, वसतिगृहाचंही काम होतं. पण बाई, बघा, ह्यात विधवेला रकाना आहे. अपंगाला आहे. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला आहे. नवरा परदेशात आहे आणि त्याचं पत्र येत नाही, ह्याला रकाना नाही."

"मग?"

"किती दिवस झाले पत्र नाही?"

"दिवाळीच्या आधीपसनं."

"आता मृग लागला. म्हणजे टाकलंच म्हणा की."

"टाकलं न्हाय, साहेब."

"कशावरून?"

मी मायकडं बघत होते. मला वाटत होतं की ती काहीतरी सांगेल, एखादी अशी गोष्ट की जी मला ठाऊक नाही. पण तिच्याकडं काही नव्हतं. कारकुनांनी कागदाची घडी घातली आणि मायच्या हातात न देता माझ्या हातात दिली. हळू आवाजात म्हणाले, "मी वाईटासाठी सांगत नाही. शाळा सुरू होईल, पोरीचं वर्ष जाईल. विचार करा. टाकलं असं लिहून द्यायचं, गावातल्या पंचांनी सही करायची, एवढंच."

घरी आल्यावर चार दिवस माय भाकरी करायची, कामावर जायची, यायची, पण तिचं ध्यान कुठं होतं कोण जाणे. एकदा तवा तापून लाल झाला तरी ती हातातला गोळा थापत बसली होती. पाचव्या दिवशी कामाला न जाता तिनं धुतलेलं लुगडं नेसलं, भिंतीवरचा गाडीचा फोटो काढला आणि ज्वारीच्या कणगीत घातला. भिंतीवर फोटोच्या मापाचा चौकोन पांढरा राहिला. धाकट्यानं विचारलं, "आबा कुठं गेले?" तिनं त्याला शेजारच्या म्हाताऱ्या मावशीकडं ठेवलं आणि मला म्हणाली, "चल, पेन घे."

चावडीत आप्पा होता आणि पाच पंच बसलेले होते. त्यात आमच्या वाड्यातले एक होते, बाकी गावातले. मायनं पदर पुढं ओढला आणि खांबाशी उभी राहिली. पंचांपैकी एकानं विचारलं, "दुसरी केली का काय त्यानं तिकडं?" एक जण हसला. मग आमच्या वाड्यातले होते ते म्हणाले, "हसायचं काय हाय त्यात? तिला इचारायचं असंल ते सरळ इचारा." आणि मायकडं वळून म्हणाले, "बोल बाई. तुझ्या तोंडानं सांग."

माय खाली बघून म्हणाली, "टाकलंय मला."

आप्पा म्हणाला, "अर्ज कोण लिहिणार? माझं अक्षर लागत न्हाय कुणाला. पोरीचं चांगलं हाय, तिलाच लिहू द्या. बस पोरी. म्या सांगतो तसं लिही."

मी चावडीच्या जमिनीवर मांडी घातली आणि पाटीवर कागद ठेवला. आप्पा सांगत होता आणि मी लिहीत होते. मी खाली सही करणार, अर्जदार, मौजे अमुक, असं सगळं झालं. मग म्हणाला, "माझ्या नवऱ्याने मला व माझ्या दोन मुलांना टाकून दिले असून तो आमची कोणतीही विचारपूस करीत नाही. तो व्यसनी असून..."

"थांब," माय म्हणाली. चावडीत आल्यापासून ती पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "ते न्हाई लिवायचं. त्यांना कसलं येसन न्हाय. ते वाईट हायेत असं कायबी लिहू नगं. टाकलं एवढंच लिव."

"अगं, कागद पक्का व्हायला पाहिजे."

"कच्चा ऱ्हाऊ द्या."

मी "विचारपूस करीत नाही" पर्यंत लिहून पूर्णविराम दिला. बारा वर्षांची होते, पण मला कळत होतं की हे मी माझ्या हातानं लिहितेय आणि "माझ्या नवऱ्याने" लिहिताना त्याचा अर्थ माझे आबा असा होतो. तोपर्यंत ते नुसते पत्र न येणारे आबा होते. तो कागद कोरडा झाला तसं मला आतून वाटायला लागलं की आता ते खरोखरच येणार नाहीत. मायचा अंगठा शाईच्या डबीत बुडवला आणि माझ्या ओळींच्या खाली उठवला. घरी येताना ती वाटेत ओढ्यापाशी थांबली आणि वाळूनं अंगठा घासत बसली. शाई गेली नाही. दोन दिवस तो अंगठा निळाच होता.

हुकूम व्हायला तीन महिने लागले, पण त्या कारकुनांनी वसतिगृहाला आधीच चिठ्ठी दिली आणि माझा प्रवेश झाला. गावाचंही वागणं बदललं. आधी लोक आमच्यापासून लांब होते ते आम्ही श्रीमंत झालो म्हणून. आता लांब झाले ते माय टाकलेली म्हणून. वाड्यात लग्न निघालं तर तिला कामाला बोलवायचे, पुढं बसायला नाही. मामा आला आणि म्हणाला, "आक्का, आता इथं कशासाठी ऱ्हातीस? माहेरी चल." तेव्हा माय त्याला म्हणाली, "ते आले तर कुठं जातील?" मी सुट्टीला घरी होते, हे माझ्या कानानं ऐकलं. मामा न जेवताच गेला.

वसतिगृहात आम्ही चाळीस मुली. एका खोलीत आठ जणी, आठ पेट्या, आठ वळकट्या. दिवसभर गलका असे, पण रविवारी दुपारी भेटायला येणारे आले की मी जिन्याच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसायची. मायला महिनाभर यायला जमायचं नाही, कधी दोन महिने. भाडं असे, काम बुडे, धाकटा असे. अधीक्षक बाईंच्या मोठ्या रजिस्टरात प्रत्येक मुलीच्या नावापुढं आई आणि वडील असे दोन रकाने होते, आणि त्यातल्या माणसांनाच भेट मिळे. माझ्या वडिलांच्या रकान्यात बाईंनी एक आडवी रेघ मारली होती. बाकी कुणाच्या नावापुढं अशी रेघ असली तर ती वडील वारलेल्या मुलींच्या. एकदा खोलीतल्या मैत्रिणीनं विचारलं, "तुझे वडील कशानं वारले?" मी म्हटलं, "तापानं." सोपं होतं ते.

नववीत होते. थंडीचे दिवस होते. एका रविवारी शिपाईबाई वर आल्या, "खाली कुणी माणूस आलाय तुझा." मी उतरले. व्हरांड्याच्या लोखंडी जाळीपलीकडं एक वाळलेला माणूस उभा होता. काळा चष्मा, कानाजवळचे केस पांढरे, हातात कापडी पिशवी. अधीक्षक बाई टेबलाशी रजिस्टर उघडून बसल्या होत्या.

"हे म्हणतात मी वडील. कागदावर तर वडिलांनी टाकलंय असं आहे. आईच्या लेखी परवानगीशिवाय मी भेट देऊ शकत नाही." मग माझ्याकडं वळून त्यांनी सरळ विचारलं, "हे तुझे वडील आहेत का?"

त्या माणसानं चष्मा काढला. डोळे लालभडक होते, पाणी गळत होतं, आणि ते रडू नव्हतं, डोळेच तसे झाले होते. मी त्या चेहऱ्यात पांढरा शर्ट घातलेले आबा शोधत होते. सापडत होते आणि परत हरवत होते.

मी म्हणाले, "असतील."

बाईंनी भुवया वर केल्या. त्या माणसानं मात्र मान हलवली, जसं काही मी बरोबर उत्तर दिलं होतं. बाईंना म्हणाला, "बराबर हाय तुमचं. नियम हाय. म्या पुढल्या आयतवारी तिच्या मायला घिऊन येतो." पिशवी जाळीच्या खालून आत सरकवली आणि गेला. आवाज ऐकल्यावर माझी खात्री पटली. पण तोवर ते फाटकाबाहेर पडले होते आणि मी तिथंच उभी राहिले. हाक मारता आली असती. मारली नाही.

पिशवीत खजूर होता आणि फुलाफुलांचा एक परकर पोलका. दहा वर्षांच्या मुलीच्या मापाचा.

पुढच्या रविवारी दोघं आले. आधीच्या खेपेला धाकट्याला गोवर आला होता म्हणून माय घरी राहिली होती. भेटीच्या खोलीत आम्ही तिघं बाकावर बसलो. आबांनी मला विचारलं, "वळखलं न्हाईस ना मला?"

"न्हाय."

"माझं बी तसंच झालं. तू जिन्यावरनं उतरलीस तर म्या म्हणलं ही कोण मोठी पोरगी येतीय."

आबा पाणी प्यायला बाहेर गेले तेव्हा माय मला म्हणाली, "दारात आले तवा म्या आधी पाण्याचा तांब्या दिला. मग जेवू घालावं का आधी सांगावं, कळंना. सांगितलं. म्हणलं, तुमी टाकलं म्हणून लिवून दिलंय म्या, पोरीच्या शाळंसाठी."

"काय म्हणाले?"

"बसले उंबऱ्यात. मग म्हणले, लई बरं केलंस."

मायनं ठरवलंच होतं की आता अनुदान घ्यायचं नाही. ती दोघं तहसीलला गेली तो दिवस मंगळवार होता. परीक्षेची सुट्टी असल्यानं मीही त्यांच्याबरोबर गेले. ते वयस्क कारकून निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी एक तरुण होता. मायचं म्हणणं ऐकून तो आधी चकितच झाला. "बंद करा म्हणून सांगायला अजून इथं कुणी आलं नाही," म्हणाला. मग आबांना म्हणाला, "तुमचं लिहून द्या."

आबा म्हणाले, "लिवा की. म्या बायकोला टाकलं नव्हतं. कामाला गेलतो. आजारी पडलो, मालकानं पासपोर्ट दाबून ठिवला, म्हणून यायला उशीर झाला."

तरुणानं पेन थांबवलं. "असं लिहिलं तर बाईनं खोटं सांगून अनुदान घेतलं असा अर्थ होतो. चौकशी लागेल. पंचांनाही बोलावतील. वसुली निघेल."

मायचा चेहरा उतरला. आबांनी चष्मा काढून डोळे पुसले, परत घातला.

"मग कसं लिवायचं?"

"टाकलं होतं, आता परत नांदवायला घेतलंय, असं लिहा. मग कुणाला त्रास नाही. आजपासून बंद, विषय संपला."

आबा लगेच म्हणाले, "तसं लिवा."

"अवो, पर..." माय म्हणाली.

"तू गप ऱ्हा."

कारकुनानं लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं. मी माझी पत्नी व मुले यांना टाकून दिले होते. आबांनी वाकून, अक्षर अक्षर लावत, सही केली. त्यांना सही येत होती. कारखान्याच्या हजेरीपुस्तकावर करता करता शिकले होते. बाहेर आल्यावर कचेरीच्या पायऱ्यांवर माय मागंच थांबली. आम्ही वळून पाहिलं तर ती पदर तोंडाशी धरून उभी होती. आबा परत तिच्यापर्यंत गेले आणि म्हणाले, "चल, गाडी चुकंल."

गंमत अशी की अनुदान बंद झाल्यामुळं लागणारा उत्पन्नाचा दाखला आता आप्पानं एका खेपेत दिला. आबा लोहाऱ्याच्या नाक्यावर एका वेल्डिंगच्या दुकानात काम करत होते, सगळ्यांना दिसत होते, आणि त्यांच्या डोळ्यांमुळं अर्धा दिवसच काम होई. माझी वसतिगृहातली जागा राहिली.

दहावी होईपर्यंत ते दर दोन आठवड्यांनी रविवारी येत. आता रकान्यात रेघ खोडून नाव घातलेलं होतं. सोबत शेंगा आणत, आम्ही दोघं बाकावर बसून त्या फोडत असू. काय शिकतेस, जेवण कसं आहे, एवढं झालं की बोलणं संपे. माझ्या मनात एकच प्रश्न होता आणि तो मी वर्षभर गिळत राहिले. एका रविवारी त्यांना स्टँडपर्यंत पोचवायला गेले आणि तिथल्या गर्दीत, कोण जाणे कसा, विचारून टाकला.

"आबा, पत्र का लिहिलं न्हाय तुमी? आजारी होता तरी कुणाकडनं तरी लिहून घेता आलं असतं."

ते हमरस्त्यावरचे ट्रक बघत म्हणाले,

"ठिणगीनं डोळं बिघडलं तवा मालकानं कामावरनं काढलं. एका खोलीत पडून होतो. पंधरा माणसं त्या खोलीत, सगळी कामाला जायची. म्या एकलाच. पाच सहा डाव पत्र लिवायला घेतलं कुणाकडनं तरी. पैका धाडता येत न्हाय, एवढंच लिवायचं होतं. पर ते सांगवंना. उद्या काम लागंल, मग एकदमच लिवू, असं करत करत..." ते थांबले. "मग तर लईच दीस झाले. आता काय तोंडानं लिवायचं, असं झालं."

तिकडं ते खोलीत एकटे पडले होते, इकडं माय माळावरून एकटी चालत येत होती आणि मी उंबऱ्यात बसून तिची वाट बघत होते. तिघांनीही एकमेकांना सांगितलं असतं तर चाललं असतं. पण सांगितलं नव्हतं, आणि आता सांगून झालं तरी ती वर्षं कुणाच्या हाती लागत नव्हती.

गाडी लागली. ते खिडकीशी बसले. गाडी सुटेपर्यंत मी थांबले आणि मग चालत वसतिगृहाकडं निघाले.

पुढं मी डी.एड. केलं आणि कळंबला शिक्षिका म्हणून लागले. शाळेत प्रवेशाच्या दिवसांत आया फॉर्म घेऊन येतात. वडिलांच्या नावापाशी एखादी बाई अडखळली तर मी पुढचे रकाने आधी भरून घेते, आणि ती स्वतःहून सांगेपर्यंत तो मोकळा ठेवते. आबा आणि माय गावातच राहिले, त्याच घरात. एकमेकांशी भांडले नाहीत, फारसे बोललेही नाहीत. मी सुट्टीला गेले की दोघंही माझ्याशीच बोलत. एकदा दोघांना मी म्हणाले, तुम्ही आपापसात बोलत का नाही? माय चुलीत लाकूड सारत म्हणाली, "बोलायची सवय गेली गं आमची." आबा बाहेर ओट्यावर होते. त्यांनी ऐकलं असावं, कारण तिथूनच म्हणाले, "व्हय, खरं हाय ते."